ड्रॅगन चालतो, माणूस चालत नाही



ऑगस्ट २०२२ मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' नावाची इंग्रजी मालिका सुरू झाली. आपल्या वस्त्यांतल्या पोरांनीही ती मोबाइलवर रात्र रात्र जागून पाहिली. ड्रॅगनवर बसून आकाशातून आग ओतणाऱ्या एका राजघराण्याची गोष्ट. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या २०१८ सालच्या पुस्तकावर बेतलेली. त्यात कॉर्लिस व्हेलारियॉन नावाचा एक बडा दर्यावर्दी सरदार आहे. पुस्तकात त्याचं घराणं गोरं, चंदेरी केसांचं. मालिकेत ही भूमिका स्टीव्ह टूसेंट या काळ्या नटाला मिळाली, आणि जगभरच्या गोऱ्या चाहत्यांच्या पोटात दुखायला लागलं. नटाला शिव्या बसल्या. तो बिचारा जाहीरपणे बोलला, त्याचा मतलब असा : उडणारा ड्रॅगन ह्यांना चालतो, पांढरे केस नि जांभळे डोळे चालतात, पण काळा माणूस श्रीमंत दाखवला की ह्यांच्या घशाखाली उतरत नाही.

म्हणजे बघा, ज्या जगात काहीही घडू शकतं त्या जगातही एक गोष्ट घडता कामा नये. कल्पनेला पंख फुटतात, जात सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, हे गोऱ्याकाळ्याचं भांडण, आपल्याला त्याचं काय? आपल्याला त्याचं बरंच काही आहे. हे मी पारशिवनीहून लिहितोय. नागपूरच्या नळाला येणारं पाणी आमच्या पेंच नदीचं, नवेगाव खैरीच्या धरणातून जातं ते. तुम्ही शहरातली पोरं आमचं पाणी पिता, तेव्हा आमचं थोडं ऐकलंत तर बिघडणार नाही. आमच्या शेजारी रामटेकचा डोंगर. तिथल्या लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे. त्यात रामाच्या तलवारीनं मेलेल्या एका शूद्र तपस्व्याचा उल्लेख येतो. शंबूक तो. त्याच डोंगरावर धूम्रेश्वर या नावानं त्याचं ठाणंही आहे. आधी मारायचं, मग लिंग बसवायचं, मग दर्शनाची रांग लावायची. ही रीत आमच्या डोळ्यांसमोर दगडात कोरलेली आहे.

आणि जवळच, मनसर-रामटेकच्या बाजूला, बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. ह्या नावातला नाग लक्षात ठेवा. ड्रॅगन हा शब्दच मुळात ग्रीकांच्या सापावरून आला. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा भाषांतरकारांनी 'नाग' ह्या शब्दाला 'लुंग' हा चिनी शब्द लावला. लुंग म्हणजे ड्रॅगन. नागार्जुनाचं चिनी नाव लुंगशू, त्यातसुद्धा ड्रॅगन बसलेला आहे. म्हणजे ज्याला तुम्ही परदेशी पाहुणा समजून मोबाइलवर बघत बसलात, तो आपल्याच गावचा निघाला. नाग नदीच्या काठी नागपूर वसलं. ड्रॅगनची गोष्ट ही आपल्याच घराची गोष्ट आहे. फक्त ती आपल्या तोंडून कधी सांगितली गेली नाही.

ती कोणी सांगितली? महाभारताचं आदिपर्व काढा. अग्नीला अजीर्ण झालं. एका राजाच्या यज्ञात तूप खाऊन खाऊन. औषध काय? खांडववन खा, तिथल्या जीवांची चरबी खा. सात वेळा त्यानं प्रयत्न केला आणि सातही वेळा आग विझली, कारण वनात तक्षक नाग राहत होता आणि तक्षक इंद्राचा मित्र. मग अग्नी ब्राह्मणाच्या रूपात कृष्ण-अर्जुनाकडे आला. दोघांना हत्यारं मिळाली. वन पेटलं. जो जीव बाहेर पळाला त्याला बाणानं किंवा चक्रानं पुन्हा आगीत लोटला. तक्षक त्या दिवशी घरी नव्हता. त्याच्या बायकोनं पोराला गिळलं, पोटात लपवून आकाशमार्गानं निघाली. अर्जुनानं तिची मान उडवली. पोरगं तेवढं निसटलं, अश्वसेन त्याचं नाव. अख्ख्या वनातून वाचले सहा जीव. त्यातला एक मयासुर. त्याला का सोडलं? कारण तो कारागीर होता. त्याच्याकडून इंद्रप्रस्थाची सभा बांधून घ्यायची होती. जाळायचं सगळ्यांना, हाताला कसब असेल तेवढा एक ठेवायचा. ओळखीचं वाटतंय ना?

पुढे तक्षकानं परीक्षिताला डसून सूड घेतला, आणि परीक्षिताचा पोरगा जनमेजय सर्पसत्राला बसला. जगातले सगळे नाग मंत्रानं ओढून आगीत टाकायचे. आणि ही गोष्ट नीट ऐका : वैशंपायनानं महाभारत पहिल्यांदा सांगितलं ते ह्याच सर्पसत्रात, यज्ञाचं काम थांबेल त्या त्या फुरसतीत. या देशातली सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली ती माणसं जाळण्याच्या मधल्या सुट्टीत. ऐकणारे तूप ओतत होते आणि कथा ऐकत होते. त्यांना घास कडू लागला नाही. कारण जळत होते ते त्यांच्या लेखी साप होते.

ह्या कारागिरीचं नाव घ्यायला शिका. माणसाला आधी फणा काढायची, चार दात काढायचे, अंगावर खवले चढवायचे. एकदा तो साप झाला की मग त्याला जाळणं हा खून राहत नाही, यज्ञ होतो. आणि यज्ञ झाला की दक्षिणा आली, पुण्य आलं, पुराण आलं. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. त्या दिवशी त्या गावाच्या हातात काठ्या आल्या हे आपण पाहिलं. पण त्या काठ्यांच्या आधी गावाच्या डोक्यात गोष्ट आली होती. ही माणसं माजलेली, ही माणसं डसणारी. ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगून झाली होती, म्हणून काठी उचलायला वेळ लागला नाही.

काही पांढरपेशे मित्र म्हणतात, अरे, पुराणातल्या भानगडी त्या, गोष्टच आहे ना, सोडून द्या. ठीक. गोष्टच आहे. मग १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचा 'रिडल्स'चा खंड छापला तेव्हा राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढून टाका म्हणून रस्त्यावर कोण उतरलं होतं? आणि १९८८ च्या सुरुवातीला आपल्या लाखो माणसांनी मुंबईच्या रस्त्यावर उतरून त्याला उत्तर का दिलं होतं? दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं की गोष्ट ही जमीन असते. तिच्यावर सातबारा कोणाचा, हाच झगडा होता.

हा सातबारा पहिल्यांदा फाडला तो जोतीरावांनी. १८७३ साली. 'गुलामगिरी' हे पुस्तक तुम्ही इतिहास म्हणून वाचता, विद्रोह म्हणून वाचता. एकदा गोष्ट म्हणून वाचा. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन. सगळी दशावताराची जादू त्या माणसानं एकेक करून सोलली आणि आत टोळीवाले आक्रमक दाखवले. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, असा त्यांनी अर्थ लावला. खंडोबा, भैरोबा, ज्यांना आपली आजी हळद उधळते, ते बळीराजाचे कारभारी ठरवले. शब्दांच्या त्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या ताजव्यात सगळ्या टिकतील असं नाही. पण त्यांनी केलं ते कोणी केलं नव्हतं. त्यांनी राक्षसाच्या बाजूला उभं राहून सिनेमा पाहिला. आणि हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं कोणाला? निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. गोऱ्याकाळ्याचं भांडण आपलं नाही म्हणणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या ह्या माळ्याकडे जरा बघावं.

जोतीरावांनी रस्ता काढून दिला, पण आपल्या पोरांच्या हातात पडलं काय? १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' आला. १९६७ पासून अमर चित्र कथा आल्या. मीही ती पुस्तकं अधाशासारखी वाचली, खोटं का बोलू. चित्रं झकास होती. पण देव निळा किंवा गोरा, राजपुत्र गोरा, आणि असुर म्हटला की काळा, दांडगा, जाड ओठांचा, सुळे बाहेर आलेला. रंग कधी चुकला नाही. ह्या चित्रांनी आरसा धरला आणि त्यात आपला बाप असुराच्या जागी दिसला.

ह्या चित्रांचा परिणाम कागदावर थांबत नाही. एका शाळेच्या संमेलनाची तालीम मी पाहिली आहे. मास्तरांना रामायण बसवायचं होतं. त्यांनी ओळीकडे नजर टाकली आणि काळी पोरं एका बाजूला काढली. एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, मी लक्ष्मण काहून नाही? मले पाठ हाय सारं." मास्तर हसत म्हणाले, "अरे, तुला मेकअपचा खर्च नाही लागणार." सगळी शाळा हसली. तो पोरगाही हसला. ते हसणं मला खैरलांजीइतकंच भयंकर वाटतं, कारण ते पोरगं त्या दिवशी राक्षस व्हायला राजी झालं.

आता ह्याच्यावर एक सोपा उपाय कोणालाही सुचेल. उलटं करा. नाग चांगले, आर्य वाईट. काळे देव, गोरे राक्षस. ड्रॅगनवर आपण बसू आणि खाली त्यांची वस्ती जाळू. रक्त तापलं की हे फार गोड वाटतं. मी म्हणतो, सावधान. इथंच फसायला होतं.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेब नागपुरात बोलले. हेच शहर का निवडलं ह्याचा त्यांनी खुलासा केला. नागपूर संघाचं म्हणून निवडलं, ही कुजबुज त्यांनी धुडकावली आणि सांगितलं की बौद्ध धम्माचा प्रसार केला तो नाग लोकांनी, आणि ह्या भूमीतून वाहणारी नदी त्यांच्या नावाची आहे. आर्यांनी नागांचा छळ केला, त्यांना जाळलं, त्यातून अगस्ती मुनीनं एक नाग वाचवला आणि आपण त्याचे वंशज, असंही ते म्हणाले. हे बोलणारे बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. पण ह्याच बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त सांगितलं होतं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच वंशाचे आहेत. १९४६ साली शूद्रांवरच्या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाचा सिद्धान्त मोडीत काढला. १९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकाडोक्याच्या मोजमापांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य ह्यांच्या रक्तात फरक नाही. म्हणजे नाग हा त्यांच्यासाठी वारसा होता, वंश नव्हता. जात रक्तात नाही, ती केली जाते. ड्रॅगन जन्मत नाही, तो काढला जातो. ज्या दिवशी आपण म्हणू की आमचं रक्तच वेगळं, त्या दिवशी आपण मनूची पालखी आपल्या खांद्यावर घेतली.

ह्या फसगतीचा नमुना बाहेर बघा. टोल्किन नावाचा इंग्रज प्राध्यापक. १९३७ साली त्यानं 'द हॉबिट' लिहिलं, त्यात स्मॉग नावाचा ड्रॅगन सोन्याच्या राशीवर झोपलेला. पुढच्या वर्षी जर्मन प्रकाशकानं भाषांतर काढायचं ठरवलं आणि हिटलरच्या राज्याच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्ही आर्य आहात का? टोल्किन खवळला. उत्तराच्या एका मसुद्यात त्यानं लिहिलं, त्याचा मतलब असा की, माझा कोणी पूर्वज हिंदुस्थानी, फारसी वगैरे बोलत नव्हता. आणि ज्यू असण्याबद्दल विचारत असाल तर त्या गुणी लोकांत माझा कोणी पूर्वज नाही ह्याचंच मला वाईट वाटतं. शाबास. आर्य शब्दाची अशी फजिती आमच्या भाषणांतही क्वचित होते. पण त्याच माणसाच्या पुस्तकांत ऑर्क नावाची एक जमात आहे, जन्मतःच दुष्ट, जिला मारताना वाचकाला काही वाटू नये. १९५८ च्या एका पत्रात त्यानं ऑर्क कसे दिसतात ते सांगितलं. बसकी नाकं, पिवळट कातडी, युरोपियनांना सगळ्यात कमी आवडणाऱ्या मंगोल लोकांसारखे. वंशवादाला तोंडावर थुंकणारा माणूस गोष्ट लिहायला बसला की त्याच्याही हातून शत्रूच्या अंगावर परक्याची कातडी चढते. गोष्टीची सवय भाषणापेक्षा जुनी असते, ती अशी.

आणि आपल्या घरात डोकावल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. बुद्धावर सात दिवस पाऊस कोसळत असताना मुचलिंद नागानं त्याच्यावर फणा धरला, ही कथा आपण लेकरांना सांगतो. चांगलं करतो. पण विनयपिटकात दुसरीही एक कथा आहे. एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्षू झाला. झोपेत त्याचं खरं रूप उघडं पडलं आणि त्याला संघातून जावं लागलं. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारतात, तू माणूस आहेस ना? हा प्रश्न मला टोचतो. तो टोचला पाहिजे. आपण सगळे कधी ना कधी आपलं रूप लपवून कुठल्या तरी वर्गात, कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत, कुठल्या तरी कचेरीत शिरलेलो आहोत. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या पुस्तकाचं नावच ते सांगतं. झोपेत रूप उघडं पडायचं भय काय असतं, हे त्या नागाइतकं आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्या नागाची गोष्ट त्याच्या तोंडून लिहायला आपल्याशिवाय लायक कोण?

हे काम बाहेर कोणी केलं ते आता सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. उर्सुला ल ग्विन ह्या अमेरिकन बाईनं १९६८ साली 'अर्थसी'ची पहिली कादंबरी लिहिली. ड्रॅगन, जादूगार, समुद्रातली बेटं. तिचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा. त्याचा जिवलग मित्र काळा. गोरे लोक आहेत ते लांबच्या बेटांवरचे लुटारू. वाचक अर्धं पुस्तक वाचून होईस्तोवर तिनं त्याचा फार गवगवाही केला नाही. पण प्रकाशकांनी वर्षानुवर्षं मुखपृष्ठावर गेडला गोरा काढला. २००४ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली आणि गेड झाला गोरा नट. बाईनं त्या वर्षी जाहीर लेख लिहून निषेध केला. पुस्तकात लिहिलेला रंगही बाजार पुसून टाकतो, तर न लिहिलेल्याचं काय होत असेल?

'अर्थसी'त जादू आहे ती नावाची. प्रत्येकाला एक खरं नाव असतं. ड्रॅगनचं खरं नाव कळलं की ड्रॅगन ऐकतो. ही जादू आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. शूद्राचं नाव किळस येईल असं ठेवा, असं मनूनं लिहून ठेवलं, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांची नावं कचरा, धोंडी, दगडी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जळलं. आणि १९७८ साली विधिमंडळाच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला तो कशासाठी? एका विद्यापीठाच्या नावासाठी. आपली घरं जळाली, माणसं मेली, सोळा वर्षं गेली, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नावात जादू नसती तर त्यांनी गावं जाळली नसती.

ह्याच बाईनं पुढे १९९० च्या 'तेहानू'त आणि २००१ च्या 'द अदर विंड'मध्ये आणखी एक गोष्ट उघडली. माणूस आणि ड्रॅगन मुळात एकच होते. काहींनी वारा निवडला, काहींनी मालमत्ता निवडली, आणि फाटाफूट झाली. भाजून विद्रूप झालेली, सगळ्यांनी टाकलेली एक पोरगी ड्रॅगनची लेक निघते. बघा, बाबासाहेबांचा सिद्धान्त एका परदेशी बाईच्या गोष्टीत वेगळ्या वाटेनं येऊन भेटतो : वेगळं रक्त नाही, झालेली फाळणी आहे.

दुसरी नेओमी नोव्हिक. २००६ पासून तिनं 'टेमेरेअर' ही मालिका लिहिली. नेपोलियनच्या लढाया, आणि दोन्ही फौजांकडे ड्रॅगन. इंग्रजांचा ड्रॅगन लढतो, जखमी होतो, मरतो, पण त्याला शहरात फिरायची मुभा नाही, गावाबाहेरच्या तळावर राहायचं. पगार नाही. टेमेरेअर नावाचा ड्रॅगन चीनला जातो आणि बघतो की तिथं ड्रॅगन रस्त्यानं चालतात, वाचतात, लिहितात. परत आल्यावर तो विचारतो, मला वेतन का नाही? आणि त्याला ऐकावं लागतं की सध्या युद्ध चालू आहे, हा विषय काढायची ही वेळ नव्हे. च्यायला, हे आम्ही कुठं ऐकलं? आधी स्वराज्य, मग सामाजिक सुधारणा. आधी क्रांती, मग जात. आधी देश, मग तुम्ही. गावाबाहेरच्या तळावर राहणारा, लढाईला चालणारा, गावात न चालणारा सैनिक आम्ही कोरेगावच्या खांबावर वाचलेला आहे.

आता मुद्द्याचं बोलतो. ह्या पानांवर मी हे सगळं का मांडलं?

कारण आपल्या लिहिणाऱ्या पोरांना एक खोली देण्यात आली आहे आणि तिचं नाव आहे आत्मकथन. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० ला लक्ष्मण मानेंचं 'उपरा', १९८४ ला शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी'. त्या पुस्तकांनी मराठीचं थोबाड फोडलं. त्यांच्यापुढे मी मान खाली घालतो. पण प्रस्थापितांनी मोठी चलाखी केली. त्यांनी ते थोबाड पुसलं, पुरस्कार दिले, आणि दारावर पाटी लावली : तुम्ही भोगलेलं लिहा. तुमचं दुःख अस्सल असतं. कल्पना आमच्याकडे ठेवा. आज कोणी दलित पोरगी जादूची गोष्ट घेऊन संपादकाकडे गेली तर तो चष्मा सरकवून विचारतो, ह्यात तुमचा अनुभव कुठे आहे? सदाशिव पेठेतल्या लेखकाला हा प्रश्न कोणी विचारला? तो चंद्रावर जातो, भुतांशी बोलतो, त्याच्या अनुभवाचा दाखला कोणी मागत नाही. आपल्याला मात्र जातीच्या दाखल्याबरोबर दुःखाचा दाखलाही जोडावा लागतो.

कल्पना ही चैन आहे असं समजणारे आपल्यातही आहेत. पोटाला भाकरी नाही आणि ड्रॅगन काय करायचे, असं म्हणतील. त्यांना मी एवढंच सांगतो की भाकरी हिसकावणाऱ्यानं आधी गोष्टच हिसकावली होती. पुरुषाच्या तोंडातून ब्राह्मण निघाला आणि पायातून शूद्र, ही काय अनुभवकथा आहे? ती जगातली सगळ्यात यशस्वी फँटसी आहे. तिच्या जोरावर हजारो वर्षं राज्य चाललं. आणि आपण म्हणे फक्त वास्तव लिहायचं.

बाहेर वारा फिरला आहे. १९६६ साली ऑकलंडमध्ये काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पक्ष उभा केला, त्याच वर्षी त्याच्या काही महिने आधी अमेरिकेतल्या चित्रकथेत ब्लॅक पँथर नावाचा काळा राजा अवतरला होता. एक रस्त्यावर, एक कागदावर. १९७२ साली मुंबईत आपला पँथर जन्मला तो रस्त्यावरच्या पँथरचं नाव घेऊन. कागदावरचा पँथर २०१८ साली पडद्यावर आला तेव्हा जगभरची काळी पोरं थिएटरात उभी राहून नाचली. आपला कागदावरचा पँथर कुठे आहे? बंगालमधून आलेली मिमी मंडल ही दलित लेखिका इंग्रजीत अद्भुतकथा लिहिते. ऑक्टेव्हिया बटलर ह्या काळ्या लेखिकेवरचं पुस्तक तिनं सहसंपादित केलं आणि २०१८ साली त्याला ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. मराठीत मात्र अरुण कोलटकरांनी सर्पसत्रावर लिहिलं, जरत्कारू ह्या नागिणीनं आपल्या पोराला सांगावं तसं, तेही इंग्रजीत, २००४ साली. इरावती कर्व्यांनी १९६७ च्या 'युगान्त'मध्ये खांडवदाहाचं क्रौर्य मांडलं. दोघांचे आभार. पण जळालेल्याचं बयाण जळालेल्याकडून यायचं अजून बाकी आहे.

तेव्हा लिहा. मी ह्या पानांवर जागा ठेवतो आहे. मला अश्वसेनाची गोष्ट पाहिजे, आईच्या पोटातून आग बघितलेल्या पोराची. मयासुराची पाहिजे, ज्यानं आपल्या लोकांच्या राखेवर मालकासाठी महाल बांधला आणि त्यात मुद्दाम पाण्याच्या जागी जमीन नि जमिनीच्या जागी पाणी दाखवलं. तो त्याचा संप होता की काय, ते मला सांगा. कामठीच्या कोळसा खाणीखाली झोपलेला ड्रॅगन चालेल, नाग नदीच्या गटारात घुसमटलेला नाग चालेल, अंधेरीच्या कॉल सेंटरमध्ये रूप लपवून बसलेली नागीण चालेल. अट एकच. तुमचा ड्रॅगन जन्मानं श्रेष्ठ असला तर परत पाठवीन. तुमचा शत्रू जन्मानं नीच असला तरी परत पाठवीन. मनूला उलटा टांगला तरी तो मनूच.

आणि आस्तीक विसरू नका. सर्पसत्र थांबवलं ते कोणी? ते कुठल्या योद्ध्यानं थांबवलं नाही. आई नागीण, बाप ब्राह्मण, अशा एका पोरानं थांबवलं. जातिनिर्मूलनाचा उपाय म्हणून बाबासाहेबांनी १९३६ साली मिश्र विवाह सांगितला, त्याचं हे पुराणातलं लेकरू. आज त्याच लेकराच्या जन्माआधी त्याच्या आईबापाला झाडाला टांगतात, विहिरीत टाकतात. २०१४ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला एक दलित पोरगा वरच्या जातीच्या पोरीशी बोलला एवढ्यावरून मारला गेला. सर्पसत्र चालू आहे आणि आस्तीकाला ते पोटातच मारताहेत. का, ते त्यांना ठाऊक आहे. तो जन्मला तर आग विझते.

जय भीम.